दोन प्रतिस्पर्धी संपादकांची प्रेमकथा: भांडण नेमकं कशावरून हवं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टोकियोतल्या मांगा-संपादकांवर (मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स) ऑफिसातली प्रेमकथा रंगवायची आहे. नायक आणि नायिका दोन वेगळ्या प्रकाशनसंस्थांत आहेत. एका गाजलेल्या चित्रकाराला आपल्याकडे ओढण्यासाठी दोघांची चढाओढ लागते आणि एकमेकांचे बेत उधळता उधळता दोघं प्रेमात पडतात. ज्यांना आराखडा वाचायला दिला त्यांनी ‘फिल्मी वाटतंय’ असं सांगितलं. आता संपादकांचं काम प्रत्यक्षात कसं चालतं आणि कथेत काय बदलावं, हे तुम्हाला हवंय.

मी पुण्यात संपादन करते. जपानीतून येणाऱ्या कॉमिक्सची भाषांतरं तपासणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे आणि त्या निमित्तानं तिथल्या संपादकांशी सतत बोलणं होत असतं. आराखडा वाचून माझं मत असं झालं की त्यातलं प्रेम ठीक आहे, फिल्मी आहे ती स्पर्धा. दोघं कशासाठी भांडतात हे एकदा नीट बसलं की प्रेमाला वेगळी जागा करून द्यावी लागणार नाही.

आधी पळवापळवीबद्दल. प्रकाशनसंस्थांमधली स्पर्धा खरीच आहे, आणि जुनी आहे. कोदान्शाचं ‘शोनेन मॅगझिन’ आणि शोगाकुकानचं ‘शोनेन संडे’ ही दोन साप्ताहिकं एकाच दिवशी बाजारात आली, १७ मार्च १९५९ रोजी. दुसरा आपल्या आधी अंक काढेल या धास्तीनं दोन्हीकडे तारखा अलीकडे ओढल्या गेल्या. किमतीतही चुरस झाली: संडे ३० येनला, मॅगझिन ४० येनला. शुएइशाचं ‘शोनेन जंप’ १९६८ मध्ये निघालं तेव्हा नावाजलेले चित्रकार या दोघांकडे आधीच अडकलेले होते. म्हणून जंपनं नवख्यांवर भिस्त ठेवली, त्यांना करारानं बांधून घ्यायला सुरुवात केली, आणि त्याच जोरावर १९९४ च्या अखेरीस खप ६५ लाख ३० हजारांवर नेला. म्हणजे या धंद्यातली सगळ्यात मोठी मजल तयार चित्रकार पळवून मारलेली नाही. कुणीच ओळखत नव्हतं अशा पोरांना घडवून मारलेली आहे. तुमच्या कथेत गाजलेला चित्रकार ठेवलात तर संपादकांना करायला उरतं काय? हॉटेलात जेवायला नेणं, भेटवस्तू देणं आणि जास्त पैसे कबूल करणं. ते कुठल्याही दोन विक्रेत्यांना जमेल. संपादकाचं म्हणून जे काम आहे ते त्यात कुठेच दिसत नाही.

म्हणून पहिला बदल: चित्रकार नवखा करा.

दुसरा बदल: दोघांना एकाच संस्थेत, एकाच साप्ताहिकाच्या विभागात आणा, आणि शक्य असेल तर एकाच वर्षी नोकरीला लागलेले दाखवा. जपानी कंपन्यांत दर एप्रिलला नवी तुकडी एकदम रुजू होते आणि एका तुकडीतल्या लोकांना ‘दोकि’ म्हणतात. हे नातं तुमच्या कामाचं आहे. कुणी कुणाचा वरिष्ठ नाही, त्यामुळे मोकळेपणानं बोलता येतं. आणि सगळ्यांची सुरुवात एकाच दिवशी झालेली असल्यामुळे कोण किती पुढे गेलं हे कायम डोळ्यांसमोर असतं. शिवाय मोठ्या प्रकाशनसंस्था माणूस घेताना तो मांगा विभागासाठी म्हणून घेत नाहीत, कंपनीसाठी घेतात. फॅशनच्या मासिकात जायचं म्हणून आलेली मुलगी कुमारांच्या साप्ताहिकात येऊन पडते. समोरच्या टेबलावर मात्र असा मुलगा बसलेला असतो, ज्यानं शाळेपासून तेच साप्ताहिक वाचत आयुष्य काढलंय. दोघांना सारखाच पगार आणि सारखंच काम. इथून चुरस आपोआप सुरू होते.

आता ती चुरस रोजच्या कामात कशी उतरते ते सांगते.

मांगाच्या मासिकात प्रत्येक चित्रकारामागे एक जबाबदार संपादक असतो, त्याला ‘तांतो’ म्हणतात. चित्रकार आधी ‘नेमु’ काढतो, म्हणजे चौकटी, माणसांच्या ठिकाणी गोळे-काड्या आणि फुग्यांत संवाद, असा पेन्सिलीचा कच्चा आराखडा. कथेवरचं जवळजवळ सगळं भांडण या टप्प्यावर होतं, कारण एकदा शाई लागली की बदल महाग पडतो. तांतो नेमु वाचतो, परत पाठवतो, चित्रकार पुन्हा काढतो. तोरियामा आकिरा नवखे असताना त्यांचे संपादक तोरिशिमा काझुहिको यांनी त्यांची शेकडो पानं नाकारली. पुढे ‘डॉ. स्लंप’ १९८० मध्ये सुरू झालं तेव्हा तोरियामांना शास्त्रज्ञ हाच नायक हवा होता आणि तोरिशिमांनी आग्रह धरला की त्यानं बनवलेली रोबो-मुलगी आराले मध्यभागी हवी. तसं झालं आणि मालिका तुफान चालली. मग तोरियामांनी संपादकाच्या नावाची अक्षरं उलटी करून त्याच मालिकेत डॉ. माशिरितो नावाचा खलनायक आणला, चेहरा संपादकाचाच. चित्रकार आणि तांतो यांच्यात काय प्रकारची जवळीक आणि काय प्रकारचा राग साचतो, हे यातून लक्षात येईल.

नेमु पक्का झाला की तो संपादकांच्या बैठकीत जातो. मालिका सुरू करायची की नाही हे तिथे ठरतं. साप्ताहिकात एका वेळी साधारण वीसेक मालिका चालतात आणि पानं वाढत नाहीत. नवी आत यायची तर जुनी बाहेर जावी लागते. जंपच्या अंकात वाचकांसाठी पोस्टकार्ड असतं, त्यावर आवडलेल्या तीन मालिका लिहून पाठवायच्या. त्या मतांत मागे पडलेली मालिका पुस्तकाचे दोन-तीन खंडही भरण्याआधी बंद होते. हे तुमच्या कथेच्या दृष्टीनं फार मोलाचं आहे. नायिकेच्या चित्रकाराची मालिका सुरू झाली, याचा अर्थ कुणाची तरी संपली. ती नायकाच्या चित्रकाराची असू द्या. मग नायकाला दोन गोष्टी एकाच आठवड्यात कराव्या लागतील: ज्या माणसाबरोबर वर्षभर रात्री जागवल्या त्याला फोन करून ‘अजून तीन भाग आहेत, कथा गुंडाळायला घ्या’ असं सांगायचं, आणि समोरच्या टेबलावरच्या मुलीचं अभिनंदन करायचं. तो नेमकं काय गमावून बसला आहे हे पूर्ण जाणणारी त्या खोलीत एकटी तीच आहे. बेत उधळण्याच्या शंभर प्रसंगांपेक्षा हा एक प्रसंग तुम्हाला पुढे नेईल.

आता माझा मुख्य मुद्दा. दोन संपादक एकाच हस्तलिखितावरून भांडले पाहिजेत आणि दोघांचंही बरोबर असलं पाहिजे. एक शहाणा आणि एक हटवादी असं केलंत की वाचक पहिल्याच प्रकरणात बाजू घेऊन मोकळा होतो. पुढची सगळी पानं हटवाद्याला अक्कल कधी येते याची वाट बघण्यात जातात, आणि प्रेम म्हणजे एकानं दुसऱ्यापुढे हार मानणं असा अर्थ निघतो.

हे उदाहरणानं दाखवते. नवखे चित्रकार स्वतःचं काम घेऊन प्रकाशनसंस्थेत येऊ शकतात, फोन करून वेळ घ्यायची असते. लहानशा आडोशात एक टेबल, पलीकडे संपादक, अलीकडे एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं. संपादक त्याच्यासमोर ३१ पानं वाचतो. वाचताना बोलत नाही. पोरगं संपादकाच्या चेहऱ्याकडे बघत नाही, बोटांकडे बघतं: कुठल्या पानावर बोटं थांबली, कुठलं पान लवकर खाली गेलं, कोणतं एक पान पुन्हा वर आलं. वाचून झाल्यावर सुट्या पानांची कडा टेबलावर आपटून सारखी केली जाते, तो आवाज त्याच्या कानात पुढे कित्येक महिने राहतो. असं समजा की कथा अशी आहे: मासेमारीच्या गावातली मुलगी, वडील बोटीवरून परतलेले नाहीत, ती रोज बंदरावर जाते. पहिली आठ पानं नुसती घरातली. ती भात लावते, दोघांची ताटं मांडते, एक ताट परत उचलून ठेवते. नवव्या पानावर बोटीचा अवशेष सापडतो.

नायक म्हणतो, पान नऊपासून सुरू कर. साप्ताहिक वाचणारा मुलगा लोकलमध्ये उभा आहे, आठ पानं तो थांबणार नाही, आणि थांबला नाही तर पोस्टकार्डावर तुझं नाव येणार नाही. हे शंभर टक्के बरोबर आहे. नायिका म्हणते, दोन ताटं आधी दिसली नाहीत तर तो अवशेष म्हणजे नुसती फळी आहे. हेही शंभर टक्के बरोबर आहे. आता दोघांना भांडू द्या. चांगला संपादक भांडणात नुसतं मत देत नाही, पानं दाखवतो. नायिका ती आठ पानं चारांत बसवून दाखवेल. नायक चिडेल, कारण ते चांगलं झालंय. मग तो रात्री बसून पानं हलवेल आणि ताट उचलण्याची चौकट अवशेष सापडल्यानंतर आणेल. दुसऱ्या दिवशी नायिका ते बघेल आणि काही न बोलता दोन वेळा वाचेल. वाचकाला कळेल की काहीतरी घडलं.

असं प्रेम या पेशात खरंच असतं, म्हणून मी यावर एवढी अडून बसले आहे. दिवसभर दुसऱ्याचं लिखाण वाचणाऱ्या माणसाला स्वतःसारखं वाचणारं कुणी क्वचित भेटतं. छपाई यंत्राच्या ट्रेमध्ये नायकाला नायिकेनं खुणा केलेला नेमु चुकून सापडतो असा प्रसंग घाला. त्याची स्वतःची सवय सरळ सूचना लिहायची: ‘ही चौकट मोठी करा’, ‘हा संवाद काढा’. तिच्या पेन्सिलीत फक्त प्रश्न आहेत: ‘ही इथे का थांबली?’, ‘याला हे कधी कळलं?’ तो उभ्याउभ्या सगळी पानं वाचतो आणि नकळत मनातल्या मनात त्या प्रश्नांना उत्तरं द्यायला लागतो. इथे गुलाबी पार्श्वभूमी, फुलं, धडधड यांतलं काहीही नको.

हीच गोष्ट चौकटींत कशी आणायची तेही बघा. जपानी अंक उजवीकडून डावीकडे वाचला जातो, त्यामुळे पान उलटण्याची जागा डाव्या पानाच्या तळाशी येते. प्रश्न तिथल्या शेवटच्या चौकटीत ठेवायचा आणि उत्तर पान उलटल्यावर उजव्या पानाच्या पहिल्या चौकटीत. तुम्ही मराठीत डावीकडून उजवीकडे रंगवणार असाल तर तुमची उलटण्याची जागा उजव्या पानाच्या तळाशी असेल. पण कथेतले संपादक हातात धरतील ती पानं जपानीच, म्हणजे उजवीकडून वाचायची, हे चित्रात विसरू नका. नायक पानं ज्या बाजूला सरकवतो ती बाजू चुकली तर मांगा वाचणारा वाचक लगेच पकडेल. आणि तुमच्या पात्रांना या गोष्टी कळतात, याचा उपयोग करून घ्या. ज्या पानावर नायिका नायकाचं वाक्य मध्येच तोडते तिथेच तुमचं पान उलटू द्या.

काळ कोणता घेताय तेही पक्कं करा. १९८० च्या दशकातली कथा असेल तर फुग्यांतली अक्षरं वेगळी छापून यायची आणि संपादक ती कापून, डिंक लावून मूळ चित्रावर चिकटवायचा. रात्री दोन वाजता दोन माणसं कात्री आणि डिंक घेऊन शेजारी बसलेली, याहून चांगलं निमित्त मिळणार नाही. आजची कथा असेल तर हस्तलिखित फाइल म्हणून येतं, कात्री विसरा. जंपचं डिजिटल व्यासपीठ ‘जंप प्लस’ सप्टेंबर २०१४ मध्ये सुरू झालं. तिथे छापील अंकासारखी पानांची मर्यादा नाही, म्हणजे एकाची मालिका आली की दुसऱ्याची जाते हे गणितही तिथे ढिलं पडतं. म्हणून आजच्या काळात ठेवलीत तरी दोघांना छापील साप्ताहिकातच राहू द्या.

आजच्या काळाचा आणखी एक भाग म्हणजे कायदा. जादा तासांवर २०१९ पासून मर्यादा आल्या. संपादनाचं काम मात्र अशा पेशांच्या यादीत आहे जिथे ठरावीक तास काम झालं असं मानून घेण्याची कायद्यानंच मुभा दिली आहे, त्यामुळे रात्रीचे दिवे अजून जळतात. वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध उपाय करणं मोठ्या कंपन्यांवर जून २०२० पासून आणि लहान-मध्यम कंपन्यांवर एप्रिल २०२२ पासून बंधनकारक आहे. ओरडणारा, अंगावर कागद फेकणारा आणि शेवटी हळवा निघणारा साहेब हा प्रकार जुन्या मालिकांत चालून गेला. आज तसा नायक केलात तर वाचक त्याच्या प्रेमात पडणार नाही, आणि मला विचाराल तर पडूही नये. म्हणूनही दोघं बरोबरीचे हवेत.

वाचायला काय घ्यावं असंही तुम्ही विचारलंय. मात्सुदा नाओको यांची ‘जूहान शुत्ताइ!’ आधी वाचा. जुडो खेळणारी मुलगी संपादक होते, आणि संपादनाच्या पलीकडचा विक्री विभाग, पुस्तकांची दुकानं, पुनर्मुद्रणाचा आनंद हे सगळं त्यात नीट आलंय. ती २०१२ ते २०२३ चालली, २०१६ मध्ये तिच्यावर टीव्ही मालिकाही झाली. आन्नो मोयोको यांची ‘हाताराकि मान’ बातम्यांच्या साप्ताहिकातली आहे. काम आणि प्रेम एकमेकांचे तास कसे खातात हे तिच्याइतकं रोखठोक मी दुसरीकडे वाचलेलं नाही. ‘बाकुमान’मध्ये बैठका आणि क्रमवारीचं राजकारण तपशिलात मिळेल, त्यातली प्रेमकथा बाजूला ठेवा. नाकामुरा शुंगिकु यांची ‘सेकाइइचि हात्सुकोइ’ ही संपादन विभागातली दोन पुरुषांची प्रेमकथा आहे. त्यातलं नातं मुख्य संपादक आणि हाताखालचा संपादक असं असल्यानं तुमच्या कथेला तसंच्या तसं लागू होणार नाही. पण महिनाअखेरीला अख्खा विभाग कसा पार निस्तेज होतो ते त्यात जरूर बघा.

कथेचं वेळापत्रक कंपनीच्या वेळापत्रकावर बसवा. डिसेंबरात छापखाने आणि वितरक सुट्टीवर जाणार म्हणून सगळ्या मुदती अलीकडे सरकतात, दोन अंकांचा एक जोडअंक निघतो. जंपचा विक्रमी खपाचा तो अंकही असाच जोडअंक होता. दिवाळी अंकाच्या आधीचे दोन महिने ज्यांनी काढलेत त्यांना हा ताण समजावून सांगावा लागत नाही: लेखक फोन उचलत नाही, छापखाना मात्र दर तासाला करतो. दोघांमधलं सगळ्यात वाईट भांडण डिसेंबरात घडवा, कारण तेव्हा बोलून मिटवायला कुणाकडेच वेळ नसतो.

आणि मग बदली. जपानी कंपन्यांत माणसं ठरावीक काळानं विभागांतून फिरवली जातात. तुमच्या आराखड्यात दोघांना दूर करण्यासाठी गैरसमज आणि एक जुनी प्रेयसी आहे. ते दोन्ही काढून टाका. एका सकाळी नायिकेला कळतं की तिची बदली फॅशनच्या मासिकात झाली आहे, जिथे तिला कधीकाळी जायचं होतं आणि आता जायचं नाही. तिचा तो बंदरावरच्या मुलीची गोष्ट घेऊन आलेला पोरगा आता मालिका चालवतोय. त्याला नवा तांतो द्यावा लागेल, आणि मुख्य संपादक ते काम नायकाला देतो.

आता तिला त्याच्यासमोर बसून कारभार सोपवायचा आहे. फाइली पाच मिनिटांत होतात. खरं सोपवायचं असतं ते वेगळंच. तो सकाळी फोन उचलत नाही, अकरानंतर कर. ‘छान’ म्हटलंस तर त्याला खरं वाटत नाही, कुठली चौकट आवडली ते सांग. अडला की पार्श्वभूमीत उगाच खूप तपशील काढायला लागतो, तेव्हा समजायचं की पुढचा भाग त्याला सुचत नाहीये. आईबद्दल विचारू नकोस. नायक लिहून घेतोय. मध्येच तो सांगतो की यातल्या तीन गोष्टी त्याला आधीच माहीत आहेत, कारण गेलं वर्षभर तो तिचं फोनवरचं बोलणं समोरच्या टेबलावरून ऐकत आलाय. या प्रकरणाला सगळ्यात जास्त पानं द्या, चौकटी मोठ्या करू नका आणि प्रेमाचा शब्द कुणाच्याच तोंडी घालू नका. आडनावाला ‘सान’, म्हणजे आपलं ‘जी’, लावून हाक मारणंही इथपर्यंत टिकवा.

शेवटाबद्दल एक सावधगिरी. लग्न करून नायिकेनं नोकरी सोडण्याचा शेवट जपानमध्ये एके काळी इतका नेहमीचा होता की तशा राजीनाम्याला खास नाव आहे, ‘कोतोबुकि ताइशा’. समान रोजगार संधीचा कायदा १९८६ मध्ये लागू झाला, तरी कथांमधून हा शेवट पुष्कळ वर्षं गेला नाही. तुम्ही तो आणू नका. एकाच विभागातल्या दोघांचं लग्न झालं की एकाला दुसरीकडे हलवायचं, असा रिवाज मात्र अनेक कंपन्यांत आहे. तुमच्या कथेत ती बदली आधीच होऊन गेलेली असेल, त्यामुळे दोघं मोकळे आहेत. उरतो तो चित्रकार. त्याला आपले दोन्ही तांतो एकत्र आहेत हे कधी आणि कुणाकडून कळतं, त्याला आपल्या पानांबद्दल घरी बोललं जातं का अशी शंका येते का, हे प्रकरण तुमच्या आराखड्यात अजिबात नाही आणि ते लिहावंच लागेल. दोघांनी मिळवलेलं सगळं त्याच्या पानांवर उभं आहे, त्यामुळे त्याला दोघांना जुळवणारा मध्यस्थ करून बाजूला सारू नका.

सुरुवात मात्र पहिल्या प्रकरणापासून करू नका. आधी त्या ३१ पानांच्या कथेचा नेमु खरोखर काढा, पूर्ण. दोन संपादक ज्यावरून भांडणार आहेत ते हस्तलिखित तुमच्याकडेच नसेल तर भांडण हवेत होईल. तो झाला की नायिकेच्या बाजूनं एकदा आणि नायकाच्या बाजूनं एकदा त्यावर पेन्सिल चालवा, आणि तिन्ही प्रती मला पाठवा.